गाडी सोडवायला गुन्हा कबूल करावा लागत नाही

प्रश्न असा आला आहे: मी पुण्यात नोकरीला आहे. माझ्या नावावरची कार लातूरला घरी असते. रविवारी रात्री लहान भाऊ मित्राच्या हळदीहून परत येताना औसा रोडवर नाकाबंदीत सापडला. मशीनवर 84 आकडा आला, नंतर सरकारी दवाखान्यात रक्तही घेतलं. अपघात नाही, कुणाला लागलेलं नाही. त्याला रात्रीच जामिनावर सोडलं. लायसन्स आणि गाडी मात्र ठेवून घेतली. ठाण्याबाहेर भेटलेला एक जण म्हणतो, "कोर्टात कबूल करून टाका, दहा हजार भरा, संध्याकाळी गाडी दारात." भाऊ पोलिस भरतीची तयारी करतोय. गाडीवर बँकेचं कर्ज आहे. काय करावं?

उत्तर:

त्या माणसाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच सुतळीने बांधून तुमच्या हातात दिल्यात. दहा हजार हा दंड भावाच्या गुन्ह्याचा. गाडी तुमची, आणि तुमच्यावर गुन्हाच नाही. दोन्हींचे कागद वेगळे, अर्जदार वेगळे, निर्णयाची वेळही वेगळी. भावाचा खटला दोन वर्षं चालला तरी गाडी या आठवड्यात घरी येऊ शकते. मी 21 वर्षं फौजदारी कामं करतोय. अशा प्रकरणात "वकीलसाब, गाडी तेवढी काढून द्या, बाकीचं मंग बघू" म्हणत येणारे बहुतेक जण त्या "बाकीच्या"वर आधीच सही करून आलेले असतात.

आधी कायदा थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 185. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे, म्हणून भाऊ रात्रीच सुटला. पण हे कलम तडजोडीच्या यादीत नाही. हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलनासारखं रस्त्यावर किंवा मोबाइलवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. रस्त्यावरच "मिटवून देतो" असं कुणी म्हणालं, तर तो कशाचे पैसे मागतोय हे तुम्हीच ओळखा.

आता गाडी. पोलिसांनी ती ठेवली कशाच्या आधारावर? चालकाला अटक केली की गाडी रस्त्यात बेवारस सोडता येत नाही, म्हणून त्याच कायद्याच्या कलम 202 मध्ये पोलिसांना गाडीची तात्पुरती व्यवस्था लावायचा अधिकार दिलाय. शब्द "तात्पुरती व्यवस्था" असेच आहेत. दारू रक्तात असते, पेट्रोलच्या टाकीत नाही. गाडी ठाण्यात उभी करून या गुन्ह्याचा कुठलाही पुरावा जमा होत नाही. तेलंगणा उच्च न्यायालयाने 2021 साली हेच म्हटलं: शेजारी शुद्धीतला, लायसन्स असलेला माणूस असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्या, नसेल तर नातेवाइकाला बोलवा, कुणीच आलं नाही तर ठाण्यात न्या आणि मालक कागद घेऊन आला की सोडा. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण अर्जात जोडता येतो. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडच्या लोकांना तर तो हद्द ओलांडली की थेट उपयोगी पडतो.

म्हणून भावाला उद्या सकाळी पहिलं काम हे सांगा: गाडी नुसती ठेवून घेतली आहे की पंचनामा करून जप्त केली आहे, ते विचारून ये. ड्युटीवरच्या अंमलदाराला नाही, मुद्देमाल कारकुनाला विचारायचं. गाडी मुद्देमाल रजिस्टरला चढली असेल तर नंबर असतो. चढली नसेल तर ती फक्त आवारात उभी आहे आणि तुमचं काम ठाण्यातच होऊ शकतं: मालकाचा अर्ज, आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र, गाडी नेणाऱ्याचं चालू लायसन्स, आणि ताबा पावतीवर सही. जुनी ई-चलनं थकलेली असली तर ती भरून या म्हणतात. त्याचा 185 शी संबंध नाही, पण चारपाचशेच्या चलनासाठी तिथे कायदा सांगत बसू नका. भरा, पावती ठेवा. टोइंगचे पैसे मागितले तर तेही पावतीवरच.

गाडी आणायला भावाला एकट्याला पाठवू नका. कारणं दोन. रक्तातलं अल्कोहोल साधारणपणे तासाला 100 मिलिलिटरमागे 15 मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. कुणाचं 10, कुणाचं 20. रात्री 11 ला 84 असलेला माणूस 30 च्या खाली यायला पहाटेचे अडीच-तीन वाजतात, हळू उतरणाऱ्याला साडेचार. आणि ज्याचा आकडा दीडशे-पावणेदोनशे असतो तो सकाळी आंघोळ करून, चहा पिऊन, स्वतःला एकदम ठीक समजून ठाण्यात येतो आणि तरीही 30 च्या वर असू शकतो. लिंबू, ताक, थंड पाणी यांनी तोंड ताजं होतं, रक्त नाही. दुसरं कारण लायसन्सचं. 185 मध्ये ते जप्त करून निलंबनासाठी आरटीओकडे पाठवायचं असतं आणि त्याची पावती देतात. 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्यात स्पष्ट लिहिलंय की या पावतीवर गाडी चालवता येत नाही. इतर बाबतीत जप्तीची पावती दाखवून चालवता यायचं, त्या जुन्या सवयीने लोक चालवतात आणि दुसऱ्या नाक्यावर विनालायसन्स ठरतात. तेव्हा मामा, मेहुणा, शेजारी, कुणीही लायसन्सवाला सोबत हवा.

आता समजा पंचनामा झाला आहे आणि "कोर्टातून ऑर्डर आणा" असं उत्तर मिळालं. तरी एकदा अर्ज देऊन विचारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम 106 पोलिसांनाच सांगतं, की जप्त वस्तू कोर्टात नेणं सोयीचं नसेल किंवा ठेवायला नीट जागा नसेल तर बंधपत्र घेऊन ती कुणाच्या तरी ताब्यात देता येते. कुठल्याही ठाण्याच्या आवारात डोकावा, जागेची अडचण सांगायला वकील लागत नाही. तरीही बरेच अधिकारी हा अधिकार वापरत नाहीत. उद्या काही झालं तर जबाबदारी आपल्यावर नको, हा त्यामागचा सरळ हिशोब असतो आणि त्यात मला फार दोषही दिसत नाही.

मग सुपूर्दनामा, म्हणजे खटला संपेपर्यंत कोर्टाला बंधपत्र देऊन गाडी ताब्यात घेणं. संहितेची कलमं 497 आणि 503. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 451 आणि 457. 1 जुलै 2024 पासून नंबर बदलले, काम तेच. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज जातो, आणि अर्जदार तुम्ही, भाऊ नव्हे. सोबत आरसी, विमा, तुमचं आधार, पंचनाम्याची प्रत, आणि गाडी माझीच आहे, दुसऱ्या कुणाचा दावा नाही असं शपथपत्र. कोर्ट अर्जावर सरकारी वकील आणि तपासी अंमलदार यांचा "से" मागवतं. सगळा वेळ इथे जातो. से म्हणजे दोन ओळींचं म्हणणं, "हरकत नाही" किंवा "आहे". पण अंमलदार बंदोबस्तावर गेला, की त्या दोन ओळींना आठवडा लागतो. म्हणून अर्ज दाखल केल्या दिवशीच सेची नोटीस स्वतः ठाण्यात पोचवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. आमच्या व्यवसायातली निम्मी हुशारी अशा पायपिटीत असते.

से आल्यावर युक्तिवाद फार नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2002 रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितलं, की जप्त गाड्या ठाण्यात सडवण्यात काही अर्थ नाही, योग्य हमी घेऊन लवकर सोडा. हा निकाल आता प्रत्येक न्यायाधीशाला पाठ आहे. नव्या संहितेने त्यावर मुदतही घातली: मालमत्ता कोर्टापुढे आल्यापासून 14 दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो काढायचे, आणि त्यानंतर 30 दिवसांत तिच्याबद्दल आदेश करायचा. फोटो आणि वर्णन पुढे पुराव्यात चालतात, प्रत्यक्ष गाडी दाखवायची गरज उरत नाही.

बंधपत्राची रक्कम गाडीच्या किमतीच्या अंदाजाने ठरते. विमा पॉलिसीवरचा आयडीव्हीचा (कंपनीने धरलेली गाडीची आजची किंमत) आकडा अर्जातच लिहा, म्हणजे कुणी नव्या गाडीची किंमत धरणार नाही. जामीनदार मागितला तर सातबारा आणि ऐपतीचा दाखला लागतो. शेतकरी घरात त्याची अडचण येत नाही. बंधपत्रावर सही मालकाची असते, म्हणून पुण्याहून एक दिवस रजा काढून या. खास मुखत्यारपत्रावर भावाला किंवा वडिलांना उभं करता येतं, पण काही कोर्टं त्यावर शंका काढतात आणि त्या शंकेत जो वेळ जातो त्यापेक्षा रात्रीची ट्रॅव्हल्स स्वस्त पडते.

कर्जाची काळजी सोडा. हायपोथिकेशन असलं, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असली, तरी त्या करारानुसार गाडी ज्याच्या ताब्यात असते तोच कायद्याने मालक, हे मोटार वाहन कायद्यातल्या मालकाच्या व्याख्येतच लिहिलंय. बँकेचं ना-हरकत पत्र मी सहसा जोडत नाही. हप्ते थकलेले असले तर मात्र कोर्टात तुमच्या अर्जासोबत फायनान्स कंपनीचाही अर्ज दिसतो, आणि मग भांडण वेगळंच.

उशीर का करू नये, ते सांगतो. एका अशिलाने "खटला संपल्यावर एकदमच नेऊ" म्हणत गाडी 47 दिवस ठेवली. पावसाच्या तोंडावर आम्ही दोघं आणायला गेलो. लिंबाच्या झाडाखाली उभी. काचेवर लिंबोळ्यांचा चिकट थर, त्यावर धूळ, त्यावर पाखरांची घाण. आतलं स्टिअरिंगही दिसेना. बॅटरी मेलेली, म्हणून बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलेलं. सीटचा स्पंज, चिंध्या आणि कुठून तरी आणलेला कापूस. जवळच वायरिंगचा जुडगा कुरतडलेला, तांबं उघडं. डिकीत स्टेपनी नव्हती. आम्ही पंचनामा काढला, त्यात स्टेपनीचा उल्लेखच नव्हता. होती हे कसं सिद्ध करणार? त्या दुरुस्तीला दंडापेक्षा जास्त पैसे गेले. तेव्हा भावाला उद्या जाताना मोबाइलवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढायला सांगा. किलोमीटरचा आकडा, डिकी, टेप, टायर, सगळं. पंचनाम्याची प्रत मिळाली की स्टेपनी आणि जॅक लिहिलेत का ते बघा. नसतील तर तेवढ्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

आता भावाचं. त्याने गुन्हा कबूल करावा की नाही, हे मी इथून सांगणार नाही, कागद बघितल्याशिवाय कुणीच सांगू नये. पण गाडीसाठी म्हणून करू नये. कबुली दिली की शिक्षा झाली, आणि ती शिक्षाच असते, भले दंड भरून पाच मिनिटांत बाहेर या. नंतर पश्चात्ताप झाला तर अपिलात फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही एवढंच मांडता येतं. "मी केलंच नव्हतं" हा मुद्दा संपलेला असतो. भरतीच्या साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीसाठी भरायचा फॉर्म) अटक, खटला, शिक्षा, सगळं विचारतात. चालू खटलाही लिहावा लागतो, पण "खटला चालू" आणि "दोषी ठरला" यांत फरक पडतो. लपवलं तर प्रकरणापेक्षा लपवणंच जास्त अंगाशी येतं. लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरांमध्ये ही चूक मी वारंवार बघतो: वडिलांना कळायच्या आत मिटवायचं म्हणून पहिल्याच तारखेला कबुली, आणि दीड वर्षाने मैदानी आणि लेखी दोन्ही पार करून चारित्र्य पडताळणीत अडकलेला मुलगा.

कबूल करायचं की लढायचं हे ठरवण्याआधी कागदांवरच्या या दोन वेळा ताडून बघा: अटकेची आणि वैद्यकीय तपासणीची. 185 खाली अटक केल्यावर 2 तासांत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते, नाही तर सोडून द्यावं लागतं. मशीनच्या चिठ्ठीवर वेळ छापलेली असते, दवाखान्याच्या कागदावर डॉक्टर वेळ लिहितात. रक्ताचा अहवाल छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतून येतो आणि त्याला वेळ लागतो. "अहवाल आल्यावर गाडी सोडू" असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य नाही. अहवाल रक्ताचा आहे.

तुमच्या बाबतीत अपघात नाही हे फार मोठं सुदैव. असता तर मी वर लिहिलेलं बरंचसं बदललं असतं. मग भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, गाडी खरोखर पुरावा ठरते, आणि आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाल्याशिवाय ती हलत नाही. विमा संपलेला असेल तर आणखी अवघड: अपघातातली विनाविम्याची गाडी पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडता येत नाही, आणि हमी दिलीच नाही तर 3 महिन्यांनंतर लिलाव होऊन पैसे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जमा होऊ शकतात. विमा चालू असला तरी चालक प्यालेला होता म्हटल्यावर स्वतःच्या गाडीचं नुकसान कंपनी देत नाही.

डिकीत बाटल्या सापडल्या असतील तर तेही आत्ताच वकिलाला सांगा. दारूबंदी कायदा 1949 लागला की गाडी दारू वाहून नेणारं वाहन म्हणून सरकारजमा करण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो अर्ज वेगळ्या तऱ्हेने लिहावा लागतो. हळदीहून येणाऱ्या गाडीत काय काय असू शकतं ते मला माहीत आहे. भावाला एकट्याला घेऊन विचारा, आईसमोर नको.

तुमच्यासारखीच अडचण घेऊन येणाऱ्या, पण आरसी दुसऱ्याच्या नावावर असलेल्या लोकांसाठी दोन शब्द. आपल्याकडे पुण्या-हैदराबादहून सेकंडहँड गाडी आणायची आणि ट्रान्सफर "दिवाळीनंतर करू" म्हणत तीन दिवाळ्या घालवायच्या, ही रीतच झालीय. गाडी जप्त झाली की कोर्ट आरसीवरचं नाव बघतं. तो मूळ मालक कुकटपल्लीत की कोथरूडमध्ये, फोन उचलतो की नाही, यावर सुटका अवलंबून राहते. विक्रीचा करारनामा आणि मूळ मालकाचं ना-हरकत शपथपत्र मिळालं तर काम होतं, पण वेळ लागतो. ट्रॅक्टरवाल्यांचं दुखणं त्याहून मोठं. ऊस हंगामात ट्रॅक्टर अडकला की टोळी फडात बसून राहते आणि मुकादम रोजचा हिशोब मालकाकडे मागतो. तिथे मी अर्जात "हंगाम चालू आहे, रोजचं नुकसान होत आहे" हे पहिल्याच परिच्छेदात लिहितो आणि कारखान्याचा वाहतूक करार जोडतो. ट्रॉल्यांची नोंदणी वेगळी असते, त्यांचे कागद विसरले की ट्रॅक्टर सुटतो आणि ट्रॉल्या आत राहतात. हे एकदा माझ्याकडूनच झालंय.

गाडी घरी आली की काम संपलं असं समजू नका. बंधपत्रात अटी असतात: विकायची नाही, रंग किंवा रूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायची. लोक वर्षभराने ही गाडी एक्स्चेंजला देऊन नवी घेतात आणि मग कोर्टाची नोटीस येते, बंधपत्राची रक्कम का वसूल करू नये म्हणून. खटला ज्या दिवशी निकाली निघेल त्या दिवशी निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचा. मुद्देमालाबाबतचा आदेश तिथे असतो. "सुपूर्दनामा रद्द, गाडी अर्जदाराकडे कायम" असं लिहिलं असेल तर नक्कल काढून आरसीसोबत ठेवा. काहीच लिहिलं नसेल तर तेवढ्यासाठी साधा अर्ज करा, आणि गिऱ्हाईक त्यानंतरच बघा.